एकट्याची सुट्टी

अण्णा, येत्या रविवारी मंडळानं तुमची श्रद्धांजली सभा ठेवली आहे आणि त्यात पोरं तुमची कविता म्हणणार आहेत. हातवाऱ्यांसकट. काल मंडळाच्या वहिनींचा फोन आला. "शैला, अण्णांना रडारड मुळीच आवडायची नाही. आपण त्यांना हसत निरोप देऊ या. 'एकट्याची सुट्टी' घेऊ, सगळ्या पोरांना पाठच आहे." मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवला, स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आपटली. एरवी असा आवाज झाला की तुम्ही खालच्या मजल्यावरून जिन्यात यायचात आणि हाक मारायचात, "शैलाबाई, कोनाचा राग आहे भांड्यायवर?" काल कुणी विचारलं नाही, म्हणून मी आणखी दोन पातेली आपटली आणि मग खाली बसून रडले.

हसत निरोप म्हणे. तुमची ती कविता हसण्यासारखी आहे असं या जयपुरात सगळ्यांनाच वाटतं, आणि तसं वाटू दिलंत तुम्हीच. यावरून मी तुमच्याशी किती भांडले! तुम्ही जिंकलात असं मी अजूनही म्हणणार नाही, पण आता माझं म्हणणं तरी कुणाला सांगू?

मी इथं जयपूरला, झालाना भागातल्या ऑफिसात बदली होऊन आले, तेव्हा नवरा आणि मुलगा कोल्हापुरातच राहिले. जवाहर नगरात तुमच्या वरचा मजला भाड्यानं मिळाला आणि कुणीतरी सांगितलं, इथं मराठी मंडळ आहे, कोजागिरीला या. गेले. तर स्टेजवर ओळीनं पोरं उभी आणि तुमची कविता चाललेली. ही पोरं घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि बाकी सगळीकडे हिंदी बोलणारी. त्यांच्या तोंडी मराठी तुकड्यातुकड्यानं येते. आईबापांना एकच ध्यास, की पोरानं वर्षातून एकदा तरी स्टेजवर मराठीत काहीतरी म्हणावं. पुस्तकातल्या कविता त्यांना झेपत नाहीत. तुमच्या कवितेत एकही अवघड शब्द नव्हता, म्हणून ती बिचारी सापडली.

शिपाई आला, कानात बोलला, गुरुजी झाले गप्प,
मला म्हणाले, 'घरी जा', मी दप्तर भरलं झप्प.
सगळे बसले पाढे म्हणत, मीच एकटा मोकळा,
दारामधून वेडावलं मी, वर्ग जळला सगळा.
मधल्या सुट्टीआधीच माझी सुटली होती शाळा,
वाटेवरच्या बोरीखाली केली बोरं गोळा.
खिशात बोरं, हातात काठी, उड्या मारत आलो,
गल्लीत बघतो तर गर्दी! मी पुतळाच झालो.

'वेडावलं'ला पोरं जिभा काढायची. 'उड्या'ला उड्या. आणि 'पुतळाच झालो'ला सगळी एकदम स्टॅच्यू. टाळ्यांचा कडकडाट! तुम्ही पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतात. सगळ्यात पुढे तुमची नात चिनू, तेव्हा नर्सरीतली, एक पाय वर धरून डुगडुगत उभी होती.

मला मात्र ते खटकलं. मग मसाला दुधाच्या रांगेत मी तुमच्या मागे उभी राहिले आणि आधी नाव-गाव न सांगताच विचारलं, "अहो, त्या गल्लीत गर्दी कसली होती?" तुम्ही वळून माझ्याकडे असं बघितलंत, की मला वाटलं, काहीतरी भलतं विचारून बसले. मग पेला हातात घेऊन तुम्ही रांगेतून बाहेर आलात, आणि मला एका बाजूला नेऊन म्हणालात, "एवढ्या वर्षांत कोनीच विचारलं नाही." मंडळात तुम्ही छान प्रमाण मराठी बोलायचात, बँकेतल्या साहेबाला शोभेल अशी. त्या दिवशी मात्र तुमची अकोल्याकडची भाषा वर आली. नंतर कळलं, आपल्या माणसांत किंवा जीव दुखला की ती यायची.

तुमचे वडील वारले होते. कचेरीत काम करता करता खुर्चीतच गेले. शाळेला निरोप आला, हेडमास्तरांनी किसन शिपायाला तुमच्यासोबत धाडलं. किसनला सगळं माहीत होतं. आणि तुम्हाला वाटलं, काय नशीब आपलं! अख्ख्या वर्गात एकट्याला सुट्टी! तुम्ही दारातून वर्गाला वेडावून दाखवलंत. वाटेत बोरीखाली थांबायचा हट्ट केलात. किसन थांबला. हात पुरेना, तर त्यानंच फांदी खाली वाकवून धरली. तुम्ही खिसे भरलेत, एक बोर तोंडात टाकलंत आणि उड्या मारत गल्लीच्या तोंडाशी आलात.

"तोंडात बोर होतं," तुम्ही मला म्हणालात. "थुकू का गिळू, समजे ना. सारे लोक माह्याकडे पाहून राह्यले. आई पाहून राह्यली." दुधाच्या पेल्यावर साय धरली होती. तुम्ही तो पेला तसाच ठेवून दिलात.

कविता लिहिताना रडत होतात, असंही एकदा सांगितलंत. पण चाल उड्यांचीच आली, कारण तुम्ही उड्या मारतच आला होतात, त्याला तुम्ही तरी काय करणार? पहिल्यांदा मंडळात वाचलीत तर दुसऱ्या ओळीपासून लोक हसायला लागले. तुम्हाला थांबवता येईना. "मग मी बी हसलो," म्हणालात. पुढच्या वर्षी लोकांनी फर्माईश केली, त्याच्या पुढच्या वर्षी ती पोरांना शिकवली. मी म्हणायची, "एकदा माइक घ्या आणि सांगून टाका की!" तुम्ही म्हणायचात, "पोरायले एक कविता येते, मायबाप खूश होतात. राहू दे ना, बाई." रश्मीलाही तुम्ही सांगितलं नव्हतंत. पोटच्या मुलीला! तिला आजोबा म्हणजे भिंतीवरचा फोटो, तेवढे पुरे आहेत, म्हणालात. मला हे कधीच पटलं नाही, पण मी तुमचा शब्द मोडला नाही.

आपलं खरं भांडण मात्र या कवितेवरून नव्हतं, किसन शिपायावरून होतं. संध्याकाळी मी ऑफिसातून आले की तुम्ही खाली खुर्ची टाकून बसलेले असायचात. चहा व्हायचा, रश्मीच्या हातचा चिवडा व्हायचा, आणि कुठूनही निघालेली गाडी तुमच्या त्या बोरीखाली जाऊन थांबायची. तुम्हाला तो माणूस आयुष्यभर सलत राहिला. "त्याले सारं माईत होतं, आनि फांदी वाकवून देल्ली त्यानं मले! काऊन नाही सांगितलं? मी असा उड्या मारत तरी नसतो गेलो." मी किसनची वकील. माझं म्हणणं, त्या माणसानं दया केली. तेवढा रस्ता तरी तुम्ही बाप असलेलं पोर होतात, तो रस्ता त्यानं तुम्हाला दिला. त्यावर तुम्ही असे उसळायचात! "कोनी मांगला होता? तोच तर नासला माहा. त्याच्यानंतर बोर तोंडात नाही घेतलं मी." एकदा तुम्ही सरळ विचारलंत, "तू असतीस तं काय केलं असतं?" आणि मी चिवडा खात खात, अगदी ठसक्यात म्हटलं, "मी पण फांदी वाकवली असती." तुम्ही कप घेऊन आत गेलात.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चहा होताच म्हणा. अबोला धरणं तुम्हाला जमायचं नाही आणि मला परवडायचं नाही. या गावात माझं भांडायला हक्काचं घर एकच होतं. पहिल्या थंडीत मी तापानं पडले, तर तुम्ही मफलर गुंडाळून वर आलात, भाताची पेज घेऊन, आणि ती अळणी आहे असं म्हणून मी तुमच्याशी भांडले. तुम्ही खाली जाऊन मीठ घेऊन आलात. अण्णा, त्या पेजेबद्दल मी कधी काही म्हटलं नाही. फार बरं वाटलं होतं मला. माझे वडील असते तर त्यांनीही इतकंच केलं असतं, उलट मीठ मागितलं म्हणून त्यांनी मला चार बोल सुनावले असते.

तर तो दिवस. तो तुम्हाला सांगायलाच मी बसले आहे, कारण तेव्हा तुम्ही नव्हतात.

मी ऑफिसात होते. रश्मीचा फोन आला. ती फार शांत बोलत होती. "शैलाताई, अण्णा गेले. आम्ही हॉस्पिटलमधून घरी आणतोय त्यांना. हे बेंगळुरूहून निघतायत." मग जरा थांबून म्हणाली, "चिनूला शाळेतून आणशील? आणि तिला प्लीज काही सांगू नकोस. तिला माझ्याकडून कळू दे." मी हो म्हटलं. जिचा बाप नुकताच गेला आहे त्या बाईला कुणी नाही म्हणतं का? आणि का नाही म्हणायचं ते कसं सांगणार होते? तुम्ही सांगू दिलं असतंत तर ना!

स्कूटर काढून मालवीय नगरला शाळेत गेले. एप्रिलचं ऊन डोक्यावर आलेलं. शाळेला फोन गेलेलाच होता. टीचरनं माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली. वर्गाच्या दारात जाऊन अगदी हळू म्हणाली, "चिन्मयी, बेटा, बैग पैक कर लो. आंटी लेने आई हैं." आतून सगळ्या वर्गाचा आवाज आला, "ओऽऽऽ!" हेव्याचा.

चिनू दारात आली. थांबली. माझ्याकडे बघून डोळा मारला, वळली, आणि अख्ख्या वर्गाला जीभ काढून वेडावून दाखवलं. अगदी तुम्ही शिकवलंत तसं, दोन्ही हात कानाला लावून. मग धावत येऊन मला म्हणाली, "मावशी! मला हाफ डे! अकेले को! आजोबांच्या पोएम जैसा!" अण्णा, ती पोर एवढी वर्षं वाट बघत होती. आपल्यालाही एकदा अशी सुट्टी मिळावी म्हणून. तुम्हीच तिला ती स्वप्नासारखी दाखवली होतीत. "तू आजोबांना सांगू नको हं," ती म्हणाली. "मी सांगणार. मतलब सरप्राइज."

स्कूटरवर ती मागे बसली, माझ्या कमरेला विळखा घालून, आणि मोठमोठ्यानं कविता म्हणायला लागली. हेल्मेटमुळे माझं तोंड दिसत नव्हतं ते बरं. दर सिग्नलला वाटायचं, आता सांगते. तुमचं म्हणणं मला पाठ होतं. उड्या मारत जाऊ देऊ नकोस, असं तुम्ही कितीदा ओरडून सांगितलं होतंत. रश्मीला दिलेला शब्दही होता. आणि मी सरळ रस्ता सोडून उगीच गल्ल्यागल्ल्यांतून हिंडत होते. कोचिंग क्लासच्या समोर गोळ्याची गाडी दिसली तशी चिनू ओरडली, "रुक ना! बेर का सीजन नाही आहे, गोळा चालेल!"

मी थांबले. दोन गोळे घेतले. एक तिचा, एक माझा. आणि अण्णा, मी तो खाल्ला. ऊन फार होतं, बर्फ गार होता, मी उभी राहून तो गोळा संपवला. चिनू माझ्याकडे बघून हसत होती, कारण माझ्या मिशा लाल झाल्या होत्या म्हणे.

तिथे मला किसन शिपाई कळला. आपण दोघांनी त्याच्यावर एवढी वर्षं वाया घालवली. तुम्ही म्हणायचात त्यानं फसवलं, मी म्हणायची दया केली. दोन्ही खोटं. त्यानं काहीच केलं नाही हो. त्याचं तोंडच उघडलं नाही. पोर म्हणालं बोरं, तर तो थांबला, आणि हाताला काहीतरी काम मिळालं म्हणून त्यानं फांदी धरली असणार. घरी जाऊन तो जेवला नसेल. मी तुमच्यापुढे ठसक्यात म्हटलं होतं की मी फांदी वाकवली असती, जणू ती मोठी ठरवून करायची गोष्ट होती. ठरवायला माणूस ठिकाणावर असावा लागतो. मी नव्हते.

तुम्हाला हे लगेच सांगावंसं वाटलं. खरंच, गोळ्याच्या गाडीशी उभी राहून माझ्या मनात आलं की संध्याकाळी अण्णांना सांगू, आज तुमचं-माझं भांडण मिटलं. मग आठवलं.

आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर आलो तेव्हा दारापुढे गाड्या लागल्या होत्या. मंडळातले लोक उन्हात उभे होते, कुणीतरी खुर्च्या मांडत होतं. चिनूची कविता बंद झाली. "मावशी, रुक." मी थांबले. मग तिनं विचारलं, "आजोबांच्या पोएम में, वो गर्दी क्यों थी?"

मंडळातल्या एकाही शिकल्यासवरल्या माणसाला जे सुचलं नाही, ते तुमच्या नातीला सुचलं. पण कुठं सुचलं बघा. मी रश्मीला शब्द दिला होता की तुमच्याबद्दल काही सांगणार नाही. तुमच्या वडिलांबद्दल तिला दिलेला नव्हता, तो तुमचा शब्द होता आणि तो मी तिथे मोडला. आणि त्या पोरीशी आता खोटं बोलणं माझ्यानं होईना. मी म्हटलं, "चिनू, आजोबांचे बाबा वारले होते त्या दिवशी."

ती दाराकडे बघत राहिली. माझ्या कमरेचा विळखा सुटला. ती स्कूटरवरून उतरली, दप्तर पाठीवर नीट केलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तोंडाला अजून गोळ्याचा रंग होता. "गोळा घेतला तेव्हा तुला पता था?"

मी हो म्हटलं.

"आणि शाळेत?"

त्यालाही हो म्हटलं. ती वळली आणि एकटी चालत गेली. अगदी हळू गेली, अण्णा. उड्या नाही मारल्या. एवढं एक तुमच्या मनासारखं झालं, पण ते मी केलं असं म्हणायची मला लाज वाटते. मला स्कूटर स्टँडवर लावता येईना, तेव्हा कुणीतरी येऊन ती माझ्या हातातून घेतली.

त्यानंतर चिनू माझ्याशी बोललेली नाही. रश्मीला वाटतं मी शब्द मोडला, आणि चिनूला वाटतं मी तिला फसवलं. दोघींचंही बरोबर आहे, त्यामुळे मला कुणावर चिडताही येत नाही. रश्मी निदान चहाला बोलावते. मग मी जाते, तुमच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसते, आणि चिनू उठून आतल्या खोलीत जाते, दार न आपटता. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. रविवारी कविता म्हणणार नाही असं तिनं सांगून टाकलं आहे. वहिनी म्हणतात, लहान आहे, धक्का बसलाय, दुसरी पोरं म्हणतील. म्हणू देत. मी तिथे उभी राहून सगळ्यांना खरं सांगू का, तुम्हीच सांगा. माइक घ्या असं तुम्हाला इतक्या ठामपणे सांगणारी मी, आता माझेच हात उचलत नाहीत. लोक हसतील, पोरं पुतळे होतील, टाळ्या पडतील. आणि मीही बहुतेक टाळ्या वाजवीन, तुम्ही वाजवायचात तशा.

तुमच्यावर रागही येतो मला. किसनला तुम्ही म्हातारपणापर्यंत माफ केलं नाहीत. चिनू तुमचीच नात. तिची समजूत घालू शकेल असं माणूस सबंध जगात एकच होतं, आणि नेमकं त्याच्यापायीच हे सगळं झालं आहे.

एवढं भांडलो आपण, पण एक विचारायचं राहूनच गेलं. डोक्याचा गोटा करून तुम्ही परत शाळेत गेलात, तेव्हा किसन तिथेच असणार ना? घंटा तोच द्यायचा, पाणी तोच भरायचा. मग पुढे तो तुमच्याशी कसा वागला? काही बोलला का कधी? की तोंड चुकवून लांबूनच गेला? आणि तुम्हाला मनातून काय वाटायचं, त्यानं जवळ यावं की येऊ नये? त्यानं काय केलं असतं म्हणजे तुमचा जीव थोडा तरी हलका झाला असता? तुमच्या बाजूनं सगळं ऐकलं मी, बोरीच्या काट्यांसकट ऐकलं, आणि हे तेवढं विचारलं नाही. आता सांगणारं कुणी नाही, आणि मला ते आजच कळायला हवं आहे, अण्णा. चिनू मला रोज जिन्यात भेटते.